ओल्या हातात चालेल ते जीपीएस

जीपीएस घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो अचूकतेचा. तीन मीटर की पाच मीटर? प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारावा असं माझं ठाम मत झालं आहे. सह्याद्रीत वाट हरवते ती धुक्यात, पावसात, बोटं गारठलेली असताना. नेमकी तेव्हाच बॅटरीही उतरत आलेली असते. अशा वेळी पडद्यावरचं दिसतं का, बटण दाबलं जातं का, सेल बदलता येतो का, हे आधी बघायला हवं. अचूकतेत आजची बहुतेक यंत्रं एकमेकांच्या जवळपासच आहेत. ओल्या हातात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे मला एका भाद्रपदात रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाताना कळलं. पाऊस ओसरला असं धरून आम्ही निघालो होतो. आमच्यातल्या एका मित्राकडे नवं, महागडं, टचस्क्रीनचं जीपीएस होतं आणि त्यात नेटवरून उतरवलेली पूर्ण वाट भरलेली होती. कात्राबाईच्या खिंडीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. खिंड ओलांडून कुमशेतच्या बाजूला उतरायला लागलो आणि धुकं दाटून आलं, मागोमाग पाऊस. काचेवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला यंत्र बोट समजायला लागलं. नकाशा आपोआप सरकायचा, मोठा व्हायचा, लहान व्हायचा. मित्र रुमालाने काच पुसायचा, तर त्या पुसण्याने भलताच मेनू उघडायचा. अशाच एका पुसण्यात चालू असलेलं मार्गदर्शन बंद झालं आणि ते परत सुरू करायला ओली बोटं काचेवर उमटेनात.

कसंबसं ते सुरू झालं तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. पडद्यावरची जांभळी रेघ आमच्या पुढ्यातून सरळ दरीत उतरत होती. नकाशावरच्या समोच्च रेषा तिथे एकमेकींना चिकटलेल्या होत्या, म्हणजे तिथे कडा होता. ती रेघ कुणी चालून नोंदवलेली नव्हतीच. कुणीतरी घरी बसून नकाशावर आठ-दहा ठिपके टाकले होते आणि यंत्राने ते सरळ रेघांनी जोडले होते. तोवर बॅटरीही तळाला आली होती. ती आतच बसवलेली, बदलायची सोय नाही. पॉवर बँक जोडायला रबरी झाकण उघडलं तर खाचेत पाणी गेलं आणि ओलावा आहे म्हणून यंत्र चार्ज व्हायलाच तयार होईना.

माझ्याकडे जुनं, बटणांचं, छोट्या पडद्याचं जीपीएस होतं. त्यात पुढची वाट नव्हती. पण सकाळपासून आम्ही चाललो तो माग त्यात नोंदला गेला होता आणि खिशात पेन्सिल सेलची सुकी जोडी होती. त्या मागावरून आम्ही उलटे फिरलो. मळलेली वाट पुन्हा पायाखाली आली तिथे गुरं वळणारे एक म्हातारे ठाकर मामा भेटले. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"मामा, कुमशेतला हीच वाट जाते का?"

"ही गुरांची वाट. फुडं मोकळा कडा हाय, बाबांनो. माघारी फिरा नि त्या उंबरापासून डाव्या हातानं उतरा. चला, म्याच दावतो."

ते आमच्याबरोबर गावापर्यंत आले. ढोरवाट आणि माणसांची वाट यातला फरक कुठलंच यंत्र सांगत नाही, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या ट्रेकरला सांगत आलो आहे.

आता यंत्र निवडण्याविषयी. कुमशेतच्या त्या उतारावर ज्या ज्या गोष्टींनी दगा दिला, त्यांच्याविषयी एकेक करून बोलतो.

पहिली बटणं. टचस्क्रीन वाईट नाही. कोरड्या हवेत नकाशा सरकवायला, ठिकाणाचं नाव टाइप करायला ती फार सोयीची. लडाखच्या उन्हात किंवा युरोपातल्या उन्हाळ्यात फिरणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण आपले ट्रेक जून ते सप्टेंबरमध्ये सर्वात जास्त होतात, आणि त्या चार महिन्यांत जे हातमोजा घालून किंवा ओल्या अंगठ्याने चालतं तेच खरं. दुकानात यंत्र हातात घ्या आणि डोळे मिटून एका हाताने झूम करून बघा, ठिकाण नोंदवून बघा. जमलं तर ते यंत्र तुमचं. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स आणि जीपीएसमॅप या दोन मालिकांतली बहुतेक यंत्रं बटणांची आहेत. ईट्रेक्समध्ये बाजूला बटणं आणि समोर एक छोटी दांडी असते, जीपीएसमॅपमध्ये सगळी बटणं पडद्याखाली समोरच. माझ्या हाताला समोरची बटणं जास्त मानवतात. यंत्रावर आयपीएक्स7 असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी जाणार नाही. मात्र हे झाकणं घट्ट बंद असताना. चार्जिंगची खाच उघडली की ते आश्वासन संपलं.

मग बॅटरी. इथे दोन पंथ आहेत आणि दोघांकडेही मुद्दे आहेत. ईट्रेक्स 22एक्स आणि 32एक्स दोन पेन्सिल सेलवर सुमारे 25 तास चालतात, जीपीएसमॅप 65 साधारण 16 तास. ईट्रेक्स एसई त्याच दोन सेलवर 168 तासांपर्यंत जातं. उलट जीपीएसमॅप 67 मध्ये आतली लिथियम बॅटरी आहे आणि ती 180 तासांपर्यंत पुरते. हे कंपनीने दिलेले आकडे आहेत. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला, माग सेकंदासेकंदाला नोंदवला, तर ते बरेच खाली येतात. दिवसाला दहा तास चाललो असं धरलं तर 180 तास म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त, आणि हिमालयातल्या लांब ट्रेकला हे फारच सोयीचं. तरी सह्याद्रीसाठी मी सेलवाल्यांच्याच बाजूने मत देईन. बदलीची जोडी कोरडी ठेवली तर पावसातही झाडाखाली अर्ध्या मिनिटात यंत्र पुन्हा उभं राहतं.

सेलविषयी दोन बारीक गोष्टी आहेत. गावातल्या दुकानात पेन्सिल सेल मिळतात, पण ते बहुधा घड्याळाचे आणि रिमोटचे स्वस्त सेल. जीपीएसला लागणारा दाब ते फार वेळ देऊ शकत नाहीत, काही तासांत माना टाकतात. अडीअडचणीला घ्यावेत, त्यांच्या भरवशावर निघू नये. दुसरं, चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचे असतात आणि साधे अल्कलाइन 1.5 चे. यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायचा असतो. तो निवडला नाही तर भरलेले सेलही यंत्राला रिकामे वाटतात आणि इशाऱ्याची घंटा वाजत राहते. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल मंदावतात, म्हणून हिमालयात लिथियमचे एकदाच वापरायचे सेल नेलेले बरे.

नकाशाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. नवं यंत्र उघडलं की त्यात बहुधा जगाचा एक ढोबळ नकाशा असतो, त्यात महामार्ग दिसतात, मोठी शहरं दिसतात आणि तुमचा गड असतो तिथे कोरी पाटी. पुष्कळ लोक इथेच निराश होऊन यंत्र कपाटात टाकतात. काही मॉडेलांत तर नकाशा दाखवायची सोयच नसते. ईट्रेक्स एसईचं बॅटरीचं आयुष्य मोहात पाडणारं आहे, पण त्याच्या पडद्यावर नकाशा उमटत नाही, त्यासाठी ते फोनशी जोडावं लागतं. फोन वाचवायला म्हणून यंत्र घ्यायचं आणि नकाशासाठी परत फोनच उघडायचा, हे मला पटत नाही. ज्यात मेमरी कार्डाची खाच आहे आणि ज्यात आपला नकाशा आपण भरू शकतो असंच मॉडेल घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर तयार केलेले, समोच्च रेषांसह गार्मिनवर चालणारे नकाशे फुकट मिळतात. सह्याद्रीतल्या लोकप्रिय गडांच्या वाटा त्यात स्वयंसेवकांनी छान भरल्या आहेत. आडवळणाच्या घाटवाटांची गोष्ट वेगळी. कुठे नाळ आहे पण वाट नाही, कुठे वाट आहे पण अर्ध्यावर तुटलेली. म्हणून ट्रेकच्या आदल्या आठवड्यात घरी बसून तो भाग नकाशावर बोटाने चालून बघायचा.

नकाशा भरल्यावर एक सेटिंग न विसरता बदला. गाडीच्या रस्त्याने मार्ग काढण्याची सोय बंद करून थेट दिशा दाखवण्याची सोय चालू करा. नाहीतर डोंगराच्या सोंडेवर उभं असताना यंत्र तुम्हाला वळसा घालून डांबरी रस्त्याने न्यायला बघतं.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने, एकास पन्नास हजार प्रमाणाचे टोपोशीट वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. ते एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर चालतं. जुन्या शीटवरून मोजलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे यंत्रात घातले तर आपल्या भागात शंभर-सव्वाशे मीटरची तफावत पडते. माळावर हे चालून जाईल. कड्याच्या काठावर शंभर मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको. यंत्रात डेटमची, म्हणजे नकाशा ज्या मोजणीवर आधारला आहे तिची, सेटिंग असते, ती शीटप्रमाणे बदला आणि काम झालं की परत डब्ल्यूजीएस 84 वर आणा. याच संस्थेच्या नव्या ओपन सीरिज नकाशांना हा त्रास नाही, ते डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत.

आता दुसऱ्याकडून घेतलेल्या वाटेविषयी. ती बहुधा जीपीएक्स फाइल म्हणून मिळते, आणि त्या फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक ट्रॅक, म्हणजे चालताना यंत्राने स्वतः टिपलेले शेकडो बिंदू. दुसरा रूट, म्हणजे कुणीतरी ठरवलेले मोजके थांबे आणि त्यांच्यामधल्या सरळ रेघा. आमच्या मित्राकडचा होता तो रूट. फाइल उघडून मोठी करून बघा. रेघ वळणावळणाची असेल, चढावर नागमोडी जात असेल, तर ती चालून आलेली आहे. पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर ती फक्त कल्पना आहे. ट्रॅक असला तरी तो कुठल्या महिन्यातला आहे हे विचारा. एप्रिलमधली वाट ऑगस्टमध्ये कारवीने गिळलेली असते. फेब्रुवारीत ज्या ओढ्यातून कोरड्या पायांनी माणूस गेला, तिथे जुलैत कमरेइतकं पाणी असतं. आणि काही लोक उतरलेल्या वाटेचा ट्रॅक उलटा करून चढायला देतात. घसाऱ्यावरून उतरणं वेगळं आणि चढणं वेगळं.

यातून निघणारी सवय एकच आहे आणि ती मी कधी सोडत नाही. गाडीतून उतरल्याबरोबर, उघड्या आकाशाखाली, यंत्र सुरू करून माग नोंदवायला लावायचं आणि गाडी उभी केली ती जागा नोंदवायची. पुढची वाट कुणी दिली असो वा नसो, परतीची वाट आपली स्वतःची असते. फार दिवसांनी किंवा दूरच्या प्रांतात सुरू केलं तर यंत्राला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक गोळा करायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. चहा होईपर्यंत ते मोकळ्यावर ठेवा. दाट झाडीत शिरल्यावर सुरू कराल तर ते चाचपडत राहील.

अचूकता शेवटी येते म्हणालो, तरी तिच्याविषयी न बोलून चालणार नाही. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकन लष्कर नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते बंद झालं आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रं सुधारली. आज मोकळ्या पठारावर साधं यंत्रही पाचेक मीटरच्या आत जागा सांगतं. अडचण होते ती घळीत. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या भेगेत आकाशाची एक पट्टी दिसते, वरचे उपग्रह मोजकेच, आणि त्यांचे संदेश कातळावर आपटून फिरून येतात. यंत्राला तो जास्तीचा प्रवास कळत नाही आणि ते तुम्हाला समोरच्या कड्यात नेऊन ठेवतं. दोन वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर ऐकणारी, म्हणजे मल्टीबँड यंत्रं, जीपीएसमॅप 65 आणि 67 यांच्यासारखी, इथे खरंच उजवी ठरतात. नाळेच्या वाटा, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा तुम्ही नेहमी करत असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे द्या. राजगड, तोरणा, कळसूबाई यांच्या मळलेल्या वाटांसाठी साधं यंत्र पुरेसं आहे. खोक्यावर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू, नाविक अशी उपग्रह प्रणालींची नावं जितकी जास्त तितकं बरं, पण केवळ त्या यादीसाठी बटणांचं यंत्र सोडून टचस्क्रीन घेऊ नका.

ईट्रेक्स 22एक्स आणि 32एक्स यांच्यातला मुख्य फरक 32एक्समधलं होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक एवढाच. मग 32एक्स घ्यावं का? माझं उत्तर हो. साध्या जीपीएसला दिशा कळते ती तुम्ही चालत असताना. जागच्या जागी उभं राहिलात तर बाण भरकटतो, आणि धुक्यात माणूस विचार करतो तो उभं राहूनच. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि कातळाला टेकवून किंवा मोबाइलला चिकटवून दिशा बघू नये.

उंचीमापकाविषयी परदेशी पुस्तकांत एक युक्ती असते. मुक्कामी थांबल्यावर यंत्रातली उंची आपोआप वाढताना दिसली तर हवेचा दाब कमी होतो आहे, वादळ येणार. युक्ती खरी आहे, पण आपल्या प्रदेशात ती जपून वापरावी लागते. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला, दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, आणि हा फरक तीन-चार मिलिबारचा असू शकतो. एक मिलिबार म्हणजे साधारण साडेआठ-नऊ मीटर. त्यामुळे तुम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी नुसते बसून राहिलात तरी दुपारपर्यंत यंत्र तुम्हाला पंचवीस-तीस मीटर वर नेऊन ठेवेल. घाबरू नका. माहीत असलेल्या उंचीवर, जसं कळसूबाईच्या माथ्यावर 1646 मीटर, आकडा जुळवून घ्या. त्या रोजच्या भरती-ओहोटीपलीकडे तो सरकत राहिला तरच आभाळाकडे बघा.

ज्या गोष्टीने मी सर्वात जास्त घोळ होताना पाहिला आहे ती म्हणजे आकडे लिहायची पद्धत. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहितात. नुसते अंश आणि त्यांचे दशांश, अंश आणि मिनिटांचे दशांश, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. हरिश्चंद्रगड साधारण 19.39 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे 19 अंश 23.4 मिनिटं. कुणी घाईत 19.39 ला 19 अंश 39 मिनिटं समजून यंत्रात घातलं तर यंत्र जवळजवळ 29 किलोमीटर उत्तरेला, कळसूबाईच्याही पलीकडे बोट दाखवेल. रेखांश 73.78 घालताना मात्र यंत्र अडतं, कारण 78 मिनिटं असूच शकत नाहीत. असं काही नाकारलं गेलं की चिडू नका, ती तुम्हाला मिळालेली सूचना आहे. गटातल्या सगळ्यांनी निघण्यापूर्वी एकच पद्धत ठरवावी आणि मदतीसाठी 112 वर फोन करायची वेळ आली तर आकडे वाचताना "अंश", "पॉइंट", "मिनिटं" हे शब्द स्पष्ट उच्चारावेत.

अक्षांश-रेखांशांवरून लपवलेले डबे शोधण्याचा खेळ म्हणजे जिओकॅशिंग. तो खेळणाऱ्यांसाठी आकड्यांची ही बाब जीव की प्राण आहे. हा खेळ जन्मला तोच जीपीएसमधली ती मुद्दामची चूक बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 मे 2000 रोजी. डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात काही वस्तू भरलेली बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. लोक शोधत गेले, वहीत नाव लिहून आले. आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत, आणि अमेरिका-युरोपातली कितीतरी मराठी कुटुंबं मुलांना घेऊन रविवारी ते शोधायला जातात. या खेळात जागा अंश आणि मिनिटांच्या तीन दशांशांपर्यंत लिहायचा रिवाज आहे. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे 1.85 मीटर. त्यासाठी यंत्र घ्यायचं तर त्यात डब्याचं वर्णन, इशारा आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी भरता येतात का ते बघा. 22एक्सपासून वरच्या यंत्रांत ही सोय आहे. शेवटच्या दहा मीटरांत मात्र यंत्र खिशात घालावं. ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्राची चूक आणि तुमच्या यंत्राची चूक मिळून तेवढं वर्तुळ होतंच. तिथे डोळेच कामाला येतात, आणि मुलांचे डोळे तर मोठ्यांपेक्षा तयार असतात.

महाराष्ट्रात डबे मोजकेच आहेत. नवा ठेवायची हौस असेल तर कळकळीची विनंती: गडावर ठेवू नका. अनेक किल्ले केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि तटातला दगड हलवून डबा लपवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच वारशाला लावलेला हात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवता येत नाही. शहरात बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावतात, आणि ते बरोबरच करतात. त्यापेक्षा डबाच नसलेला, भूशास्त्राचं निरीक्षण करून उत्तर द्यायचा अर्थकॅश हा प्रकार बघा. बसाल्टच्या थरांनी रचलेल्या आपल्या सह्याद्रीइतकी त्याला योग्य जागा शोधून सापडणार नाही.

मग सगळ्यांनीच वेगळं यंत्र घ्यावं का? नाही. वर्षातून चार-पाच एकदिवसाचे ट्रेक करणाऱ्याला मोबाइल पुरतो. फोनमधलं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. नकाशा आधी उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर टाका, पाण्यापासून सांभाळा. दोन तरंगलांब्यांवर ऐकणारे फोन 2018 पासून बाजारात आहेत. पण पावसाळी ट्रेक, रात्रीचे मुक्काम आणि अनोळखी घाटवाटा हे तुमच्या वाट्याला नेहमीचं असेल, किंवा तुमच्या भरवशावर दहा-पंधरा जण चालणार असतील, तर बटणांचं वेगळं यंत्र घ्या आणि फोन फोनसाठी राखून ठेवा. जुनं, वापरलेलं यंत्रही चालेल, मात्र घेण्यापूर्वी बटणांवरचं रबर फाटलेलं नाही ना, आणि सेलच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना, ते बघा.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्यात कायद्याचा प्रश्न आहे. उपग्रहाकडून फक्त ऐकणारं जीपीएस आपल्याकडे बाळगायला हरकत नाही. पण अलीकडच्या काही यंत्रांतून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो, संकटाची हाक देता येते. गार्मिनच्या इनरीच मालिकेचं हेच काम. परदेशात गिर्यारोहकांचे प्राण त्यांनी वाचवले आहेत आणि आपल्याकडे त्यांची गरज नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. तरीही दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असं यंत्र भारतात आणणं, बाळगणं, वापरणं बेकायदा आहे. 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे कारवाई होत आली आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशा यंत्रापायी ताब्यात घेतलं गेलं, आणि 2025 च्या सुरुवातीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना या बंदीची कल्पना द्यायला विमान कंपन्यांना सांगितलं.

फसगत होते ती नावांच्या साधर्म्यामुळे. जीपीएसमॅप 67 हे फक्त ऐकणारं यंत्र आहे, तर 67आय मध्ये इनरीच आहे. 66एसआर चालेल, 66आय चालणार नाही. मोंटाना 700 आणि 700आय यांचंही तसंच. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा मुलगी प्रेमापोटी दुकानातलं सगळ्यात भारी मॉडेल उचलते, आणि भारी मॉडेलमध्येच ही सोय असते. तेव्हा या दिवाळीला परदेशाहून कुणी तुमच्यासाठी जीपीएस आणणार असेल तर त्यांनी ते विकत घेण्याआधीच फोन करा आणि मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या. शेवटी आय असेल, किंवा खोक्यावर इनरीच, एसओएस, उपग्रह संदेश यांपैकी काहीही लिहिलेलं असेल, तर ते तिथेच राहू द्या आणि त्याऐवजी बटणांचं, सेलवर चालणारं साधं यंत्र आणायला सांगा.